हॉवर्थचे पाळक पॅट्रिक ब्राँटे: सहा मुलांचे मृत्यू आणि गावचं पाणी

इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यातल्या हॉवर्थ गावात मृत्यूच्या वेळचं सरासरी वय २५.८ वर्षं आहे, असा हिशोब १८५० साली एका सरकारी निरीक्षकाने मांडला. त्याच गावचे पाळक रेव्हरंड पॅट्रिक ब्राँटे यांना सहा मुलं झाली आणि सहाही त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. वयं होती ११, १०, ३१, ३०, २९ आणि ३८. बेरीज १४९, सरासरी २४.८.

दोन आकडे एकमेकांच्या इतके जवळ आले की उत्तर सापडल्यासारखं वाटतं. गावात घाण, विहिरी नासलेल्या, पाळकाच्या दारासमोर दफनभूमी. मग घरातली माणसं जगणार कशी? शार्लट, एमिली आणि ॲन या लेखिका बहिणींबद्दल लिहिताना बहुतेक जण हेच लिहून मोकळे होतात. आमच्या मते हा निष्कर्ष चुकीचा आहे. गावातली लेकरं एका रोगाने जात होती, पाळकाच्या घरातली दुसऱ्याच. पहिल्यावर उपाय माहीत होता आणि पाळकांनी त्यासाठी वर्षानुवर्षं अर्ज लिहिले. दुसऱ्यावर त्या काळात कुणाकडेच उपाय नव्हता.

नोकरीच्या अटी

पॅट्रिक यांचा जन्म १७ मार्च १७७७ चा, आयर्लंडच्या काउंटी डाउनमधला. दहा भावंडांत थोरले, घरची परिस्थिती बेताची. स्वतःच्या हिमतीवर शिकून त्यांनी आधी शाळामास्तरकी केली, १८०२ मध्ये केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात सवलतीच्या फीवर प्रवेश मिळवला आणि १८०६ मध्ये पदवी घेतली. मग दीक्षा, मग एकेका गावची उमेदवारी. २९ डिसेंबर १८१२ ला पेन्झान्सच्या मरिया ब्रॅनवेलशी लग्न झालं. १८१४ ते १८२० या सहा वर्षांत सहा मुलं झाली: मरिया, एलिझाबेथ, शार्लट, ब्रॅनवेल, एमिली, ॲन. धाकटी ॲन तान्ही असतानाच, १८२० मध्ये, बिऱ्हाड हॉवर्थला आलं.

पद होतं 'पर्पेच्युअल क्युरेट' म्हणजे तहहयात पाळकाचं. उत्पन्न वर्षाला दोनशे पौंडांच्या आत आणि राहायला दगडी दुमजली घर. पुढची सगळी गुंतागुंत या घरात आहे. ते चर्चच्या विश्वस्तांच्या मालकीचं होतं. पाळक जिवंत असेपर्यंत त्यांना कुणी उठवू शकत नव्हतं, पण ज्या दिवशी पाळक जातील त्या दिवशी मुलांच्या डोक्यावरचं छप्पर जाणार. मागे जमीन नाही, साठवलेला पैसा नाही. पाच मुलींच्या लग्नात द्यायलाही काही नाही. मग त्यांना पोटापुरतं कमवता यायलाच हवं, आणि त्या वर्गातल्या मुलीला एकच काम मान्य होतं: शिक्षिकेचं. म्हणजे मुलींना शाळेत घालणं भाग होतं.

त्यात १५ सप्टेंबर १८२१ ला मरिया ब्राँटे कर्करोगाने गेल्या, अवघ्या ३८ व्या वर्षी. त्यांना माहेरच्या संपत्तीतून वर्षाला ५० पौंड मिळत. ते त्यांच्याबरोबरच थांबले. त्यांची बहीण एलिझाबेथ ब्रॅनवेल आजारपणात मदतीला आली होती, ती परत गेलीच नाही. भाचरांसाठी या मावशीने २१ वर्षं त्या थंड गावात काढली. तिचेही स्वतःचे ५० पौंड होते, आणि १८४२ मध्ये ती गेली तेव्हा तिच्या मिळकतीतून प्रत्येक भाचीच्या वाट्याला सुमारे ३०० पौंड आले. घराला सावरून धरणारं हे माणूस चरित्रांमध्ये मागच्या रांगेत बसवलं जातं, ते बरोबर नाही.

पहिले दोन मृत्यू

१८२४ मध्ये कोवन ब्रिज इथे पाळकांच्या मुलींसाठी शाळा निघाली. राहणं, जेवण, शिक्षण मिळून वर्षाला १४ पौंड, कपड्यांचे वेगळे. देणगीदारांच्या मदतीमुळेच एवढी कमी फी परवडत होती. चार मुलींचा खर्च पेलवेल अशी दुसरी सोय पॅट्रिक यांच्या आवाक्यात नव्हती. जुलैमध्ये मरिया आणि एलिझाबेथ शाळेत दाखल झाल्या, ऑगस्टमध्ये शार्लट, नोव्हेंबरमध्ये सहा वर्षांची एमिली. गोवर आणि डांग्या खोकला नुकताच होऊन गेलेला, म्हणजे अंगात ताकद कमीच.

तिथे काय बिघडलं हे नेमकं सांगता येतं. जेवण अपुरं, लापशी करपलेली. दर रविवारी टन्स्टलच्या चर्चपर्यंत दोन मैलांहून अधिक पायपीट, हिवाळ्यातही. ओल्या पायांनी दिवसभर चर्चमध्ये बसायचं आणि तसंच परत यायचं. रात्री एका बिछान्यात दोन मुली. क्षयाचे जंतू खोकल्यातून हवेत येतात, आणि बंद खोलीत, शेजारच्या उशीवर त्यांना नवं घर मिळतं. उपासमार आणि थंडी क्षय निर्माण करत नाहीत. शरीरात शिरलेल्या क्षयाला मोकळं रान देतात.

फेब्रुवारी १८२५ मध्ये मरियाला घरी आणलं. ६ मे रोजी ती गेली. ३१ मे ला एलिझाबेथला घरी पाठवण्यात आलं. तिची अवस्था पाहताच पॅट्रिक दुसऱ्या दिवशी निघाले आणि शार्लट व एमिलीला घेऊन आले. १५ जूनला एलिझाबेथ गेली. उरलेल्या दोघींना लगेच काढून आणण्याचा निर्णय त्या काळच्या वैद्यकीय समजुतीपेक्षा शहाणा होता. तो चार महिने आधी, मरिया घरी आली तेव्हाच, घेता आला असता का? शाळेकडून घरी नेमकं काय कळवलं जात होतं यावर ते अवलंबून आहे, आणि आजारपण लपवलं जाण्याची सवय त्या काळच्या निवासी शाळांना होती.

नोंदी ठेवणारा माणूस

यानंतर पॅट्रिक यांनी डॉ. ग्रॅहम यांचा घरगुती वैद्यकाचा ग्रंथ घेतला आणि तो अक्षरशः पिंजून काढला. समासांत बारीक अक्षरात स्वतःच्या, मुलांच्या, नोकरांच्या दुखण्यांच्या नोंदी: कोणतं औषध, किती, काय गुण आला.

ऑगस्ट १८४६ मधली मोतीबिंदूची नोंद पाहण्यासारखी आहे. मँचेस्टरला डाव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली, भूल न देता. आधी बाहुली मोठी होण्यासाठी बेलाडोना दोनदा घातला; त्याची तीव्र आग पाचेक सेकंद झाली. शस्त्रक्रिया पंधरा मिनिटं चालली, जळजळ झाली पण सोसवणारी. भिंगच काढून टाकल्यामुळे त्या डोळ्यात मोतीबिंदू पुन्हा होणार नाही, असं ते लिहितात. मग महिनाभर अंधाऱ्या खोलीत उताणं पडून राहायचं, डोळ्यांवर पट्ट्या. सूज येऊ नये म्हणून एकदा आठ जळवा लावल्या, एकदा सहा. ६९ वर्षांचा माणूस स्वतःच्या डोळ्याबद्दल असं लिहितो! त्या शस्त्रक्रियेनंतर ते पुन्हा वाचू-लिहू लागले, म्हणूनच पुढचे अर्ज त्यांच्या हातून लिहिले गेले.

१८४७ मध्ये त्यांनी घरची विहीर उपसून घेतली. पाणी पिवळसर येत होतं. तळाशी गंजून विरघळत चाललेले आठ पत्र्याचे डबे निघाले. विहीर त्याआधी वीस वर्षं कुणी साफ केलेली नव्हती.

आठ महिने

२४ सप्टेंबर १८४८ ला ब्रॅनवेल गेला. दारू आणि अफूने पोखरलेल्या शरीरातला क्षय कुणाच्या लक्षातच आला नव्हता. दाखल्यावर जुनाट खोकला आणि क्षीणता अशी कारणं आहेत. शेवटच्या काळात वडील त्याला रात्री स्वतःच्या खोलीत झोपवत. एमिलीने डॉक्टरला जवळ येऊ दिलं नाही. १९ डिसेंबरला ती गेली. जानेवारीत ॲनला तपासायला लीड्सहून डॉ. टील यांना बोलावलं. त्यांनी स्टेथोस्कोप लावून दोन्ही फुप्फुसांत क्षय असल्याचं सांगितलं, कॉड माशाचं तेल आणि लोहाचं औषध सांगितलं. २८ मे १८४९ ला स्कारबरोला, समुद्राकाठी, तिचा मृत्यू झाला.

ब्रॅनवेल गेल्यापासून आठ महिने चार दिवस. शार्लट एकटी उरली. पॅट्रिक ७२ वर्षांचे होते. आणि तीन महिन्यांनी, ऑगस्ट १८४९ मध्ये, त्यांनी गावच्या पाण्यासाठी लंडनला अर्ज पाठवला.

गावाची अवस्था

१८४८ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात दोन वाटा होत्या. एक, गावचा मृत्युदर सात वर्षं सरासरी हजारी २३ च्या वर असेल तर लंडनचं जनरल बोर्ड ऑफ हेल्थ स्वतः हात घालू शके. दोन, किमान एक दशांश करदात्यांनी सह्यांचा अर्ज करायचा. अर्ज आला की निरीक्षक येणार, जाहीर सूचना लावून गावकऱ्यांच्या साक्षी घेणार, अहवाल छापणार, हरकतींना मुदत देणार. मग स्थानिक मंडळ निवडलं जाणार, ते कर बसवणार, कर्ज काढणार, आणि मगच खोदाई. हॉवर्थने सह्यांची वाट धरली. उत्तर येईना म्हणून पॅट्रिक यांनी पुन्हा लिहिलं. एप्रिल १८५० मध्ये निरीक्षक आले: बेंजामिन हर्शेल बॅबेज. शाळेच्या पुस्तकात 'संगणकाचे जनक' म्हणून भेटणाऱ्या चार्ल्स बॅबेज यांचे हे चिरंजीव.

त्यांच्या अहवालाइतकं हॉवर्थचं खरं चित्र कुठे नाही. अख्ख्या वस्तीला ६९ संडास, म्हणजे साडेचार घरांमागे एक. एका ठिकाणी तर २४ घरांत मिळून एकच. पाण्याने धुतला जाणारा संडास एकही नाही. भूमिगत गटारं नाहीत. सांडपाणी उघड्या नाल्यांतून उतारावरच्या मुख्य रस्त्याने वाहत जाई. घराला लागून उकिरडे, त्यांत संडासाचा मैला, डुकरांच्या खुराड्यांची घाण, खाटिकखान्याची आतडी.

एक जागा अशी होती: संडासाखालच्या मैलाखड्ड्याला मुख्य रस्त्याच्या बाजूने छोटं दार. मैला आणि राख साचून भार वाढला की ते दार फुटे आणि सगळं रस्त्यावर येई. दार शाबूत असलं तरी फटींतून दुर्गंधी चालूच. आणि या दारापासून दोन यार्डांच्या आत, म्हणजे सहा फुटांत, शेजारच्या घरांचा पिण्याच्या पाण्याचा नळ.

पाण्यासाठी ११ पंप, त्यांतले ९ चालू, आणि थोड्याशा विहिरी. हेड वेल या सार्वजनिक विहिरीचं पाणी उन्हाळ्यात इतकं आटे की सोमवारच्या धुण्याचं पाणी भरायला बाया पहाटे दोन-तीनपासून रांगेत येत. कधी पाणी हिरवं पडून असं कुजे की प्यायला आणलेली गुरं तोंड लावून मागे फिरत.

लोकर विंचरणाऱ्यांच्या घरांची तऱ्हा आणखी वेगळी. विंचरण्याच्या फण्या तापवायला लोखंडी शेगडी रात्रंदिवस पेटती, ऊब टिकावी म्हणून खिडक्या बंद, आणि त्याच खोलीत झोपणं.

चर्चच्या दफनभूमीत आधीच्या दहा वर्षांत १,३४४ जणांना पुरलं होतं. आठवड्याला अडीचहून अधिक. वर मोठाल्या सपाट फरशा, एकीला एक लागून. बॅबेज यांचा आक्षेप या फरशांवर होता: मातीला हवा लागत नाही, झाडंझुडपं उगवत नाहीत, म्हणून प्रेतं लवकर विघटित होत नाहीत आणि पाझर खालच्या वस्तीकडे जातो. दफन ताबडतोब बंद करा, असं त्यांनी लिहिलं. शिवाय माळरानावरच्या झऱ्यांचं पाणी साठवून नळाने आणा, गटारं बांधा, संडास वाढवा.

आकडे कसे वाचायचे

आता त्या २५.८ कडे येऊ. याचा अर्थ हॉवर्थची माणसं पंचविशीत मरत होती, असा लावला जातो. अहवालातला दुसरा आकडा शेजारी ठेवा: ४१.६ टक्के मृत्यू सहा वर्षांच्या आतल्या मुलांचे होते. सोयीसाठी दहा मृत्यू धरा. चार लेकरं वर्षाच्या आसपास गेली, म्हणजे चौघांची मिळून ४ वर्षं. दहांची सरासरी २५.८ यायची तर एकूण २५८ वर्षं लागतात. उरलेल्या सहांच्या वाट्याला २५४, म्हणजे प्रत्येकी ४२ च्या वर. पंचविशी हे तिथे मरण्याचं ठरावीक वय नव्हतं. ते तान्ह्यांच्या आणि मोठ्यांच्या मृत्यूंच्या मधलं गणिती ठिकाण होतं.

ब्राँटे कुटुंबात याच्या उलट. सहाच्या आत एकही मूल गेलं नाही. सहाच्या सहा जण बालपणीच्या त्या धोक्यातून सुखरूप बाहेर आली, जे गावातल्या दहांतल्या चारांना जमत नव्हतं. घरची विहीर, घरचा संडास, आणि जागाही चढावर. पाळकाचं घर दफनभूमीच्या वरच्या अंगाला, माळरानाकडे आहे. पाणी चढणीला वाहत नाही. पाझर जायचा तो खालच्या पंपांकडे. घर पाण्याने मारलं नाही, ते क्षयाने मारलं, आणि क्षय विहिरीतून येत नाही. तो शाळेच्या बिछान्यातून, एका टेबलाभोवती बसणाऱ्या भावंडांच्या खोकल्यातून आला. त्याचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी दाखवला तो १८८२ मध्ये.

गावच्या पाण्याने पाळकाच्या जवळचा एक माणूस मात्र नेला. त्यांचे तरुण सहायक विल्यम वेटमन, आजाऱ्यांच्या घरोघर जाणारे, सप्टेंबर १८४२ मध्ये २८ व्या वर्षी पटकीने गेले. पॅट्रिक यांचा त्यांच्यावर मुलासारखा जीव होता. पाण्याच्या अर्जामागे कुटुंबातलं काही शोधायचंच असेल तर ते इथे शोधावं.

काम का अडलं

अहवाल १८५० चा. पाणी गावात यायला ते दशक संपत आलं. अडचण पैशाची होती आणि हद्दीची. कर मालमत्तेवर बसणार होता. ज्यांच्या आवारात स्वतःचा झरा किंवा विहीर होती, त्यांना आपल्या पैशाने दुसऱ्याला पाणी द्यायचं नव्हतं. गावच्या हद्दीत दूरची शेतं होती, गिरण्या होत्या. आम्हाला वगळा, म्हणून त्यांच्या हरकती. कायद्याने हरकतींना जागा दिलेली, त्यामुळे प्रत्येक हरकत म्हणजे पुढचे काही महिने. १८५१ मध्येही पॅट्रिक बोर्डाला उशिराबद्दल लिहीत होते.

आणखी एक गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. हॉवर्थमध्ये बाप्टिस्ट आणि मेथडिस्ट या वेगळ्या ख्रिस्ती पंथांची मंडळी भरपूर. आपण ज्या चर्चमध्ये पाऊल टाकत नाही त्याच्या डागडुजीचा कर आपण का भरायचा, यावरून तिथे आधीच भांडणं झालेली. आता त्याच चर्चचा पाळक नव्या कराचा अर्ज पुढे करतोय म्हटल्यावर, मागणी कितीही रास्त असली तरी काहींचे कान बंद होणारच. पाळकाकडे नैतिक वजन होतं, पण हुकूम चालवायचा अधिकार नव्हता.

शेवटची वर्षं

२९ जून १८५४ ला शार्लटने वडिलांचे सहायक आर्थर बेल निकल्स यांच्याशी लग्न केलं. आधी वडिलांचा कडाडून विरोध होता. एकच लेक उरलेली, ती जाईल ही भीती. शेवटी जोडप्याने याच घरात राहायचं असं ठरल्यावर ते राजी झाले. ३१ मार्च १८५५ ला, गरोदरपणातल्या न थांबणाऱ्या उलट्यांनी खंगून, ती गेली. दाखल्यावर कारण क्षय. त्यानंतर सहा वर्षं सासरे आणि जावई एकाच छपराखाली राहिले. जावयाने चर्चचं काम पाहिलं आणि म्हाताऱ्याचंही.

पॅट्रिक ७ जून १८६१ ला ८४ व्या वर्षी गेले. दफनभूमी तोवर सरकारी आदेशाने बंद झालेली. चर्चमधल्या कौटुंबिक कबरीत त्यांना ठेवायला गृहमंत्र्यांची खास परवानगी काढावी लागली. विश्वस्तांनी निकल्स यांना पाळकपद दिलं नाही. चाळीस वर्षांपूर्वी ज्या दिवसाची भीती होती तो आला. फक्त बाहेर पडायला मुलांपैकी कुणी उरलं नव्हतं. ऑक्टोबरमध्ये घरातल्या सामानाचा लिलाव झाला आणि निकल्स आयर्लंडला परतले.

त्या घराच्या आजच्या फोटोत दफनभूमीवर उंच झाडांची दाटी दिसते. ब्राँटेंपैकी कुणी ती पाहिलेली नाहीत. ती १८६४ मध्ये लावली, मुळांनी जमिनीतली ओल ओढून घ्यावी आणि खालची माती मोकळी व्हावी म्हणून.